मदत हवी आहे: हळदीच्या धंद्याची वेबसाइट नव्यानं करायचीय, पण डोमेन (साइटचा पत्ता) दुसऱ्याच्या ताब्यात आहे

नमस्कार ताई-दादांनो, मी वसमतची, जिल्हा हिंगोली. आमचं घरचं हळदीचं काम आहे, सासरे कांडी (हळकुंडं) मोंढ्यात बिटाला म्हणजे लिलावाला न्यायचे, आता काही वर्षांपासून मी आणि जाऊबाई घरीच पावडर दळून पॅकिंग करून विकायलोत. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक चांगलं येऊ लागलंय, नांदेड-परभणीची दुकानंही धरलीत, पण मोठा माल घेणारा माणूस आधी वेबसाइट मागतो. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला सॅम्पल पाठवलं, माल आवडला, मग म्हणाले वेबसाइटची लिंक द्या. लिंक दिली आणि त्यानंतर त्यांचा फोनच नाही आला.

वेबसाइट आहे आमची, एका एजन्सीनं करून दिलेली, पण तिची अवस्था सांगते. फोनवर उघडली की बराच वेळ नुसता पांढरा स्क्रीन, मग एकावर एक फोटो सरकत राहतात आणि ते फोटो आमचे नाहीतच, कुठल्या तरी परदेशी स्वयंपाकघरातला लाकडी चमचा आणि त्यात हळद. वरती ब्राउझर 'नॉट सिक्युअर' दाखवतो. 'आमच्याविषयी' उघडलं की मराठी मजकुराच्या जागी नुसती चिन्हं आणि तुटकी अक्षरं. आणि फोन नंबर फोटोत टाकलाय, म्हणजे माणसानं तो दाबून कॉल करावा म्हणलं तर ते पण होईना, कागदावर उतरवून घ्या आणि मग लावा.

दुरुस्त करा म्हणलं तर एजन्सीवाले फोन उचलेना गेलेत, उचलला तर म्हणायलेत डोमेन आमच्या अकाउंटला आहे, रिन्युअलचे डबल पैसे द्या आणि एसएसएलचे (साइट सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे. डोमेनची मुदत दिवाळीच्या आसपास संपते. आणि तोच पत्ता आमच्या पाऊचवर छापलेला आहे, पाऊचचे रोल अजून बरेच शिल्लक आहेत, ते फेकायचे म्हणजे नुसतं नुकसान.

तर मला हे पाहिजे की डोमेन सोडवता येतं का, का मुदत संपू द्यावी आणि सुटलं की आपण घ्यावं. दुसरं, वर्डप्रेसवर (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) करावं का शॉपिफायसारखं भाड्याचं तयार ऑनलाइन दुकान घ्यावं, कारण रोज सांभाळणार मीच, मला कोडिंग येत नाही पण शिकायची तयारी आहे. आणि व्यापाऱ्याला बघितल्यावर विश्वास बसावा अशी साइट म्हणजे नेमकं त्यात काय काय असतं? बजेट पंचवीस-तीस हजारांपर्यंत आहे. हा धंदा मला नीट उभा करायचाय, आमच्या भागातल्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तरी आमच्यासारख्यांचा माल अजून दुसऱ्याच्या नावाच्या पोत्यात जातो, ते बघवत नाही.

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, मी हेच काम करतो. सगळ्यात आधी डोमेन, डिझाइनचं नंतर बघू. मुदत संपू देऊ नका, अजिबात. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्या दिवशी ते मोकळं होत नाही, आधी ४५ दिवसांपर्यंत जुन्या मालकालाच रिन्यू करायची सवलत असते, मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात सोडवायला जबर दंड, मग ५ दिवस कुणालाच घेता येत नाही आणि मग ते सगळ्या जगाला खुलं. तोपर्यंत तुमची साइट आणि त्या डोमेनवरचा ईमेल दोन्ही बंद. आणि वापरातलं डोमेन सुटायची वाट बघत सॉफ्टवेअर लावून बसलेले लोक असतात, ते तुमच्या आधी उचलतात.

आयकॅन या डोमेनच्या जागतिक संस्थेच्या लुकअपवर (शोधाच्या पानावर) तुमचं डोमेन टाकून बघा, कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे आणि मुदत कधीची ते दिसेल. मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असेल पण रजिस्ट्रार कळला तरी पुष्कळ झालं. मग एजन्सीला फोन नको, ईमेल करा, सोबत पैसे दिल्याचं बिल किंवा यूपीआयची पावती जोडा आणि स्पष्ट दोनच मागण्या लिहा, की डोमेन आमच्या नावावर करा, आणि त्यासाठी एक तर त्याच रजिस्ट्रारमधल्या आमच्या अकाउंटला हलवा नाहीतर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचा ट्रान्सफर कोड द्या. त्याच रजिस्ट्रारमध्ये हलवणं सोपं असतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. एका वर्षाचं रिन्युअल थोडं जास्त मागितलं तर देऊन टाका, पण नाव बदलल्यावर. पाऊचचे रोल त्याच्यापेक्षा महाग आहेत.

एसएसएलचे पैसे मात्र देऊ नका. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट असतं, थोडे थोडे दिवस चालतं आणि होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवतो ते) ते आपोआप नवं करतात. ते 'नॉट सिक्युअर' क्रोमनं २०१८ पासून प्रत्येक बिगर-एसएसएल साइटला लावायला सुरुवात केली, तुमच्या साइटमध्ये व्हायरस आहे असं नाही.

आणि ती चिन्हं म्हणजे मजकूर डीटीपीच्या (छपाईच्या) जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून तसाच चिकटवलाय. पाऊच छापणाऱ्याकडून आलेली फाइल असणार. युनिकोडमध्ये (सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) परत टाइप करा, मोबाइलच्या कीबोर्डवर केलं तरी चालतं, आणि 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' नावाचा फुकटचा फॉन्ट लावा.

प्रतिसाद, लातूरहून

आमचं डाळीचं आहे त्यामुळे सांगायलो. व्यापारी साइटवर खरेदी करायला येत नसतो हो, तो बघायला येतो की हा माणूस खरा आहे का. त्याला तुमची जागा, मशीन, पोतं, वजनकाटा बघायचाय. जीएसटी नंबर, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, पूर्ण पत्ता, मॅपवरचं ठिकाण, किती किलोच्या पॅकिंगमध्ये मिळतं, कमीत कमी किती घ्यावं लागतं, लॅबचा रिपोर्ट असला तर त्याचा फोटो. एवढं एका पानावर स्वच्छ असलं की बास. मी तर म्हणेन आधी खरेदीचं कार्टबिर्ट करूच नका, चार पानं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे ते आजच काढा, आमच्याकडं अर्धे फोन तिथूनच येतेत.

फोटो विकतचे किंवा उचललेले वापरू नका. हंगामात शूट केलेलं काही आहे का, कुकरमधून निघणारी वाफ, वाळवणाचं खळं, पॉलिशचा ड्रम? कांडी मोडून आतला रंग दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका, वाळलेली कांडी मोडताना टक्क आवाज येतो तो ऐकू आला पाहिजे. हळदीतल्या माणसाला तेवढ्यावरच माल कळतो.

प्रतिसाद, संभाजीनगरहून

लातूरच्या दादांचं व्यापाऱ्यापुरतं बरोबर आहे पण किरकोळ गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून रात्री अकराला ऑर्डर देतं, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तराची वाट बघायची सवय नाही. त्यामुळे वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाची जोडणी) टाकून ठेवा, सुरुवातीला बंद ठेवा आणि झेपेल तेव्हा चालू करा, परत साइट बांधायला नको. शॉपिफाय सांभाळायला सोपं आहे यात वाद नाही पण महिन्याचं भाडं कायमचं मागं लागतं आणि बंद केलं की दुकानच बंद.

पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) घेताना ते लोक साइट तपासतात, प्रायव्हसी, अटी, रिफंड, माल किती दिवसांत पाठवणार आणि संपर्क ही पानं नसली की अर्ज परत येतो. प्रत्येक पॅकच्या पानावर एमआरपी, निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर पाहिजेच, कायद्यानं लागतं. आणि राज्याबाहेर माल पाठवायचा म्हणलं की उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी आधी.

दोन गोष्टी कृपा करून लिहू नका. हळदीनं अमुक आजार बरा होतो असलं काही नको, अडचणीत याल. आणि वसमत हळदीला २०२४ ला जीआय मिळाला हे खरं, पण तो लोगो साइटवर किंवा पाऊचवर लावायचा तर तुमचं स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवावं लागतं, तो अर्ज वेगळा आहे. करून टाका, तुमच्यासाठी तीच मोठी जमेची बाजू आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. लुकअपवर बघितलं, डॉट कॉमच आहे आणि मुदतीला अजून वेळ आहे. बिलाचा फोटो जोडून ईमेल पाठवला, तर आज त्यांच्याकडून स्वतःहून फोन आला, रिन्युअल आणि थोडे वरचे पैसे घेऊन आमच्या अकाउंटला हलवून देतो म्हणाले. नाव बदललेलं दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं घरात ठरलंय.

हंगामातले व्हिडिओ जाऊबाईंच्या फोनमध्ये आहेत, वाळवणाचेही आणि दळणाचेही, फक्त फोटो एकेक चार-पाच एमबीचे आहेत, ते लहान करूनच टाकावे लागतील ना? आणि अजून एक भीती, होस्टिंग बदललं की आमचा डोमेनवरचा ईमेल बंद पडतो का? त्यावर दोन दुकानांच्या ऑर्डरी येतेत.

प्रतिसाद, नांदेडहून

फोटो वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून प्रत्येकी दीड-दोनशे केबीच्या आत आणा, तुमच्या जुन्या साइटच्या पांढऱ्या स्क्रीनचं निम्मं कारण असेच जड फोटो असणार. ईमेलचं विचारलं ते फार बरं केलं. डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइट आणि मेल कुठं आहे ते सांगणाऱ्या यादीत) एमएक्स नावाच्या नोंदी असतात, टपाल कुठं टाकायचं ते त्या सांगतात. नुसती साइट हलवायची तर ए नावाची नोंद बदला, एमएक्सला हात लावू नका. पण नेमसर्व्हरच (ही यादी जिथं ठेवलेली असते ते) बदलणार असाल तर आधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढा आणि नव्या ठिकाणी जशाच्या तशा भरा, एसपीएफची (तुमच्या नावानं मेल कुणी पाठवायचा ते सांगणारी) टीएक्सटी नोंद पण, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातात. आणि मेल जुन्या एजन्सीच्याच होस्टिंगवर असेल तर आधी सगळे मेल उतरवून घ्या, मगच ते बंद करा.

मूळ प्रश्नकर्ती

मेल त्यांच्याच होस्टिंगवर आहेत, आत्ताच बघितलं. आधी तेच उतरवून घेते. परभणी-नांदेडकडचं कुणी साइट बांधून देऊन मला सांभाळायला शिकवणारं असेल तर इथंच सांगा, वर्डप्रेसचे अपडेट आणि बॅकअप कसे घ्यायचे ते समोर बसून शिकायचंय, आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून आमच्याकडंच राहतील.