अँटिक जमवणारे लोक: वारसा वाचवतात की घरं रिकामी करतात?

रावपुराकर:
काल रात्री अँटिक जमवणाऱ्यांवरची एक जुनी डॉक्युमेंटरी बघितली, एकेक जण घड्याळ नाहीतर दिवा हातात घेऊन असा बोलतो की घरातलं तान्हं पोरच दाखवतोय. बायको म्हणाली वेडे आहेत. माझं मत, असे वेडे हवेतच. आपल्या बडोद्यात वाडे पाडून फ्लॅट झाले तेव्हा झोपाळ्याच्या पितळी कड्या, घंगाळं, बंब सगळं किलोच्या भावाने भंगारात गेलं, हौशी लोकांनी उचललं तेवढंच उरलं.

मांडवीचा_मी:
उरलं कुठे, त्यांच्या कपाटात? आपल्या बडोद्यातल्याच तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं आज बघायला मिळतात कारण ती अजून भिंतीवरच आहेत आणि वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. आणि हौस वाढली की भाव वाढतो, मग दलाल गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या देवघरातले लामणदिवे स्टीलच्या डब्याच्या बदल्यात नेतात, हे कुठली डॉक्युमेंटरी दाखवते?

रावपुराकर:
मग पुण्याचे दिनकर केळकर? त्यांनी दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे असं आयुष्यभर जमवलं आणि सगळं सरकारला देऊन टाकलं, गेलेल्या मुलाच्या नावाने. आज तिकीट काढून कुणीही बघतो.

मांडवीचा_मी:
केळकर किती निघाले हो? म्हणून म्हणतो, म्युझियमनेच घ्यावं. सयाजीरावांनी नाही का केलं.

सुरसागर_काठ:
सयाजीबागेतल्या म्युझियममधली ममी काय स्वतः चालत आली इजिप्तहून? 😄 तीही कुणाच्या तरी थडग्यातूनच उचललेली. म्युझियम म्हणजे मोठा कलेक्टरच.
बाकी १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षं जुनी मूर्ती, चित्रं वगैरे पुरावस्तू धरतात, हस्तलिखितांना तर ७५ च वर्षं पुरतात, खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, धंदा करायचा तर लायसन लागतं. पण पितळी तपेल्याच्या मागे कोण लागतंय.
मला विचाराल तर जमवणारा चांगला की वाईट हे त्याच्या वहीवरून कळतं. वस्तू कुठल्या घरातली, कोण वापरायचं, किती देऊन घेतली हे लिहून ठेवत असेल तर ठीक, नाहीतर तो फक्त महागडा भंगारवाला.

रावपुराकर:
वही पटली. पण मांडवीवाले, तुमच्या आजीचा पानाचा डबा विकणार असाल तर आधी मला सांगा.

मांडवीचा_मी:
बघा, आलात ना मूळ पदावर!