सगळ्यात वेगवान स्प्रिंटर कोण? किटेल की कॅव्हेंडिश, की आताचा मर्लिए

सडा_एक्सप्रेस (रत्नागिरी)
जुलै आला. सड्यावर धुकं, रस्त्यावर शेवाळ, सायकल घरात ट्रेनरला जखडलेली आणि संध्याकाळी टीव्हीवर टूर दि फ्रान्स. म्हणजे आपला दरवर्षीचा वाद आलाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सपाट रस्त्यावरच्या शुद्ध वेगात मार्सेल किटेलच्या वर कोणी नाही. मार्क कॅव्हेंडिशचे टूरमधले ३५ टप्पे हा विक्रम आहे, मान्य. पण जास्त पेट्या गेल्या म्हणून आंबा जास्त गोड ठरत नाही. किटेलने २०१३ मध्ये ४, २०१४ मध्ये पुन्हा ४, २०१६ मध्ये १ आणि २०१७ मध्ये ५ असे एकूण १४ टप्पे घेतले. पॅरिसच्या शाँझेलिझेवर २००९ ते २०१२ सलग चार वर्षं कॅव्हेंडिश जिंकला होता. ती मालिका २०१३ मध्ये किटेलने तोडली, आणि त्या स्प्रिंटमध्ये तेव्हाचा तिसरा मोठा स्प्रिंटर ग्रायपेलही होता. तिघंही ऐन भरात, आणि पुढे किटेल.

कारण सरळ आहे. ६ फूट २ इंच उंची, ८० किलोच्या वर वजन. शरीर मोठं झालं की स्नायूंचा जोर ज्या प्रमाणात वाढतो, त्या प्रमाणात वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळ वाढत नाही. चढावर हे वजन बोकांडी बसतं, पण सपाटीवर फायदा मोठ्या गड्याचाच.

मालवणी_वॅट
अरे बाबा, आंब्याचा बरा सांगितलस, पण वाऱ्याचा गणित अर्ध्यावर सोडलस.

७० किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. या वेगाला वारा कापायला लागणारे वॅट असे काढतात: अर्धा × हवेची घनता × सीडीए × वेगाचा घन. सीडीए म्हणजे स्वार आणि सायकल मिळून वाऱ्याला जेवढं अडतात ते परिणामी क्षेत्रफळ. घनता १.२ धरली आणि सीडीए ०.३० असेल तर सुमारे १३२० वॅट लागतात. तोच ०.२५ असेल तर ११००. नुसत्या वाकण्यात २२० वॅट वाचले! उलट बाजूने बघायचं तर १३२० वॅट दोघांनीही दिले, तर वाकलेला गडी ७४ ने जातो आणि उंच बसलेला ७० ने.

कॅव्हेंडिश ५ फूट ९ इंच. हनुवटी जवळजवळ हँडलला टेकलेली, कोपर वाकलेले. किटेलपेक्षा त्याचे वॅट कमी असणार यात वादच नाही, पण त्याला ते लागतच नव्हते. वेग म्हणजे वॅट नव्हे.

जाता जाता: आपल्याकडची गरम, दमट हवा युरोपातल्या थंड हवेपेक्षा हलकी असते. लोकांना उलटं वाटतं, कारण दमट हवेत धाप लागते. घनतेत ५-६ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे ६० च्या वेगाला साधारण एक किलोमीटर फुकट. स्ट्राव्हा ॲपवर ६१ दिसलं की लगेच कॉलर ताठ करू नका.

जुना_गियर (दापोली)
तुम्ही पोरं २००९ च्या मागे जातच नाही. मारिओ चिपोलिनी! जिरोचे, म्हणजे इटलीच्या टूरचे, ४२ टप्पे, २००२ चा विश्वविजेता. आणि १९९९ च्या टूरमध्ये सलग चार टप्पे घेतले, त्यात लाव्हाल ते ब्लुआ हा टप्पा ताशी ५०.३५५ किमी सरासरीने. टूरमधला आजवरचा सगळ्यात वेगवान सामूहिक टप्पा (सगळे एकत्र निघतात तो) तोच. आणखी काय पुरावा हवा?

गुहागर_५२बाय११
काका, चिपोलिनीबद्दल आदर आहे, पण हा पुरावा चुकीच्या माणसाच्या नावावर जमा होतोय. ५०.३५५ ही अख्ख्या १९४.५ किमीची सरासरी. ती घडवली पाठीमागच्या वाऱ्याने आणि पुढे आळीपाळीने राबणाऱ्या घोळक्याने. चिपोलिनी त्यातला बहुतेक वेळ कोणाच्या तरी चाकामागे होता, आणि चाकामागे वाऱ्याचा विरोध ३०-४० टक्क्यांनी सहज कमी होतो. शेवटच्या २०० मीटरला त्याचा वेग किती होता, हे त्या आकड्यातून कळत नाही.

२०२५ मध्ये शिनाँ ते शातोरू हा १७४ किमीचा टप्पा ५०.०१३ च्या सरासरीने झाला. त्या दिवशी मातिउ फान डर पूल आणि त्याचा साथीदार जवळजवळ दिवसभर पुढे पळत होते, घोळका त्यांच्या पाठलागावर, आणि शेवटी जिंकला टिम मर्लिए. म्हणून ती सरासरी मर्लिएची म्हणायची का?

उताराचंही तसंच. २०२० च्या पोलंड टूरमध्ये कातोवित्सेला उतारावर स्प्रिंट होता, वेग ८० च्या आसपास. ग्रूनवेगनने आपली सरळ रेघ सोडून याकोबसनला कडेला दाबलं, याकोबसन कठड्यावर आदळून जिवावरच्या दुखण्यातून वाचला, आणि ग्रूनवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. वेगाचा आकडा सांगताना उतार, वारा आणि पुढे चाक होतं की नाही, या तीन गोष्टी सोबत सांगायच्या. नाहीतर तो आकडा गप्पांपुरताच.

सडा_एक्सप्रेस
@मालवणी_वॅट तुझं गणित मान्य. पण कॅव्हेंडिशकडे त्याच्या एचटीसी संघाची आगगाडी होती, म्हणजे त्याच्यापुढे ओळीने वारा कापणारे साथीदार, हे सोयीस्करपणे विसरतोस. टोनी मार्टिन, आयझेल, हिन्कापी, आणि शेवटी रेनशॉ. २५० मीटरपर्यंत आयता आणून सोडला की जिंकणारच. २००९ ला पॅरिसमध्ये तर रेनशॉ स्वतःच दुसरा आला! ज्याला पोहोचवून दिलं तो पहिला आणि पोहोचवणारा दुसरा, म्हणजे काम कोणाचं?

मालवणी_वॅट
मग २०१० बघ मरे. अकराव्या टप्प्यात रेनशॉने ज्युलियन डीनला डोक्याने ढुशा मारल्या, म्हणून त्याला टूरमधून हाकलला. त्यानंतर कॅव्हेंडिश बोर्दोला जिंकला आणि पॅरिसलाही. २०१२ मध्ये स्काय संघ विगिन्सच्या पिवळ्या जर्सीसाठी (एकूण विजेतेपदासाठी) राबत होता, तरी याने ३ टप्पे काढले. तुर्नेला तर दुसऱ्यांच्या चाकांवरून उड्या मारत. आणि ३ जुलै २०२४ ला साँ-वुल्बासला, वय ३९, फिलिप्सनसारखा गडी असताना एका चाकावरून दुसऱ्यावर जात पस्तिसावा घेतला. एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा जुना विक्रम तिथे मागे पडला. आगगाडी खय होती तेव्हा?

दाभोळ_जेटी
आगगाडीचा हिशोब दोघंही भावनेवर करताय. जरा मोजून बघा.

दुसऱ्याच्या चाकावर असलेला स्वार पुढच्यापेक्षा साधारण २ मीटर मागे असतो: १.७ मीटर सायकल आणि वर थोडी फट. २०० मीटर शिल्लक असताना तो बाहेर पडला आणि वेग ६८ आहे, तर रेषा येईपर्यंत त्याच्याकडे साडेदहा सेकंद असतात. त्यात २ मीटर भरून काढायला पुढच्यापेक्षा सरासरी फक्त पाऊण किमी प्रतितास जास्त वेग लागतो. बस्स! पण तोच स्वार सहाव्या चाकावर अडकला तर १० मीटर भरायचे, म्हणजे साडेतीन किमी जास्त. या पातळीवर साडेतीन किमीचा फरक कोणाकडेच नसतो. आगगाडी वेग देत नाही, ती हे १० मीटर वाचवते. आणि आगगाडीशिवाय योग्य चाक शोधणारा हे १० मीटर डोक्याने वाचवतो. कॅव्हेंडिशची खरी ताकद तिथे होती, त्याला 'शुद्ध वेग' म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

शुद्ध वेगच हवा असेल तर रस्त्यावर शोधूच नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हारी लाव्हरायसनने ट्रॅकवर फ्लाइंग (आधीच वेगात येऊन सुरू होणारे) २०० मीटर ९.०८८ सेकंदांत मारले, म्हणजे ताशी ७९ किमी. किटेल आणि कॅव्हेंडिश दोघंही त्याच्यापुढे मंद. पण त्याला १८० किमीचा टप्पा द्या, स्प्रिंटला तो असेल का?

सडा_एक्सप्रेस
हे मात्र लागलं. ट्रॅकवाल्याला बाजूला काढायचं असेल तर '१८० किमीनंतरचा वेग' असं म्हणावं लागेल.

मालवणी_वॅट
आणि तसं म्हटलंस की मिलान–सान रेमो येतं. जवळजवळ ३०० किमी, शेवटी पोज्जिओचा चढ, आणि मग स्प्रिंट. २००९ ला कॅव्हेंडिशने हाउसलरला रेषेवर गाठला. किटेलच्या खात्यात ती शर्यत नाही.

हर्णैची_सायकलवाली
रेषेवरून आठवलं. किटेलच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा सडा_एक्सप्रेसने दिलाच नाही. २०१७, सातवा टप्पा, नुई-साँ-जॉर्ज. बोआसन हागनला त्याने ६ मिलिमीटरने हरवलं. ६५ च्या वेगाला ६ मिमी म्हणजे सेकंदाचा तीन हजारावा भाग. इथे पाय नव्हे, सायकल पुढे फेकण्याचा वकूब जिंकतो.

ते कसं करतात ते नीट सांगते, कारण आपल्याकडच्या शर्यतींत बहुतेक जण चुकतात. पुढच्या चाकाच्या टायरची पुढची कड मोजली जाते. डोकं, छाती, काहीही चालत नाही. शेवटच्या पायडलनंतर क्रँक आडवे ठेवायचे, हात सरळ ताणायचे, बूड सीटच्या मागे न्यायचं. शरीर मागे जातं आणि सायकल हातभर पुढे. लवकर केलं तर सायकल परत मागे येते आणि पायडलही थांबलेलं असतं, दुहेरी नुकसान. १८ मीटर प्रतिसेकंदाला शेवटचे ३ मीटर संपायला ०.१७ सेकंद लागतात, म्हणजे रेषा बघून ठरवायला वेळच नाही. शेवटच्या पायडलला हात सुटलेच पाहिजेत. उशीर आणि घाई दोन्हींचा धडा २००४ च्या मिलान–सान रेमोत आहे: झाबेलने हात वर केले, फ्रेइरेने सायकल फेकली, आणि फ्रेइरे जिंकला.

आणि एक विचारते. इतके प्रतिसाद झाले, लोरेना वीबेसचं नाव एकानेही काढलं नाही. २०२२ च्या पहिल्या टूर दि फ्रान्स फेममधला (महिलांच्या टूरमधला) पहिला टप्पा, शाँझेलिझेवर, मारियाना फॉसला मागे टाकून तिने घेतला. २०२५ ला महिलांची मिलान–सान रेमो जिंकली, टूरमध्ये दोन टप्पे आणि हिरवी जर्सी (सगळ्यात जास्त गुणांची). आगगाडीचा वाद घालताय ना? डीएसएम संघात शार्लोट कोल तिच्यासाठी चाक द्यायची. वीबेस दुसऱ्या संघात गेली तरी जिंकत राहिली, आणि कोलने २०२४ च्या टूरचे पहिले दोन टप्पे घेतले. दोघी वेगळ्या झाल्यावर दोघीही जिंकल्या. तुमच्या रेनशॉ-कॅव्हेंडिशच्या वादापेक्षा हा प्रयोग जास्त स्वच्छ आहे.

जुना_गियर (दापोली)
ताई, बरोबर. चूक आमची.

गुहागर_५२बाय११
आजच्यांकडे या. २०२५ च्या टूरमध्ये मर्लिए आणि जोनाथन मिलान समोरासमोर आले: डंकर्कला मर्लिए, शातोरूला मर्लिए. मिलानने लाव्हाल आणि व्हालांस घेतलं, हिरवी जर्सीही. फिलिप्सन लीलला जिंकून तिसऱ्या दिवशी पडला आणि घरी गेला, त्यामुळे त्याचा हिशोब अपुरा.

मिलान म्हणजे तुमच्या किटेलच्या थिअरीचं टोक. ट्रॅकवर ४ किमी ३ मिनिटं ५९.१५३ सेकंदांत मारलेला धिप्पाड माणूस. पण स्प्रिंटमध्ये तो डोकं आणि खांदे वरखाली इतके हलवतो की वारा अंगावर घेतोच. पुढे मोकळा रस्ता आणि लांब स्प्रिंट मिळाला तर तो भारी. शेवटच्या १५० मीटरला चाकामागून उडी मारायची असेल तर मर्लिए. तोही बऱ्याचदा फारशी आगगाडी नसताना, कारण त्याच्या संघाला एकूण विजेतेपदासाठी एव्हनेपूलचंही बघायचं होतं. माझं मत मर्लिए.

खाडी_वारा (वेंगुर्ला)
सगळे वारा विसरले, आणि आपण राहतो समुद्रकाठी.

समोरचा वारा असेल तर २०० मीटरला बाहेर पडणं आत्मघात, १५० पर्यंत थांबायचं. पाठीमागचा असेल तर २५०-३०० ला निघालं तरी मागचे येत नाहीत, कारण चाकामागचा फायदाच कमी होतो. किनाऱ्याचा रस्ता दक्षिणोत्तर, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचा वारा समुद्राकडून, म्हणजे आपल्याकडे बहुतेक स्प्रिंट आडव्या वाऱ्यातच होतो. दक्षिणेला निघालात तर वारा उजवीकडून. पुढच्याने डाव्या कडेला चिकटून जायचं, म्हणजे मागच्याला आडोसा घ्यायला जागाच उरत नाही. उत्तरेला जाताना उलट, पण ते फक्त बंद रस्त्यावरच्या शर्यतीत. रहदारीत उजवी कड धरू नका रे.

कॅव्हेंडिश किंवा केलेब इवनसारखं नाक पुढच्या चाकावर आणून वाकण्याची नक्कलही नको. मागचं चाक हलकं होतं, आणि आपल्या ठिगळं मारलेल्या डांबरावर ते उडालं की सायकल आडवी.

गियरचं: ३५ च्या वेगाला ५२×११ वर (पुढे ५२ दाते, मागे ११) उभं राहिलात तर पाय मिनिटाला ५९ फेऱ्यांवर अडकतो, गुडघा ओरडतो, वेग चढत नाही. ५२×१५ ने सुरू करा, म्हणजे ८० फेऱ्या. ११५-१२० झाल्या की १३ वर, मग ११. छोट्या चक्रीवर पाडताना अर्धा क्षण जोर सैल, नाहीतर चेन दातावरून घसरते. चेन मोजपट्टीवर अर्धा टक्का ताणलेली दिसली की बदला. खाऱ्या हवेत ती बाहेरून चकचकीत आणि आतून संपलेली असते. सरावाला सहा वेळा १२ सेकंदांचा स्प्रिंट, मध्ये ५ मिनिटं पूर्ण आराम, सड्यावरच्या मोकळ्या सरळ तुकड्यावर. सातव्यांदा वॅट पडलेले दिसतील. तिथे थांबा.

सडा_एक्सप्रेस
ठीक. विधान दुरुस्त करतो: २०० मीटर, सपाट, वारा नाही, दोघंही पहिल्या चाकामागे आणि दिवस १८० किमीचा. या अटींवर अजूनही किटेल.

मालवणी_वॅट
एवढ्या अटी घालूक लागलस, म्हणजे पस्तीस टप्पे त्या अटींच्या भायर जिंकल्याले.