मदत हवी आहे : पॉलिहाऊसमधला टोमॅटो आतून पोकळ, बुडाला काळा

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात माझं २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, लागवड फेब्रुवारीतली. एप्रिलमध्ये आत दुपारी पारा ३८ अंशांवर गेला आणि फुलगळ सुरू झाली. कोणीतरी सांगितलं म्हणून फुलांच्या घोसांवर फोर-सीपीए हे फळ धरायला लावणारं संप्रेरक फवारलं. गळ थांबली खरी, पण फळं कोनेदार आली. कापलं की साल आणि गर यांच्यात नुसती पोकळी. परागीभवनाशिवाय फळ धरलं की बी आणि गर कमी भरतो, हे आता कळलं. फोर-सीपीएत थोडं जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक) मिसळलं तर पोकळपणा कमी होतो म्हणतात. कोणी केलंय का? किती पीपीएमने, आणि घोसातली किती फुलं उमलल्यावर?

दुसरं दुखणं बुडाच्या सडीचं, म्हणजे फळाला कॅल्शियम कमी पडून बूड काळं पडण्याचं. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट नियमित सोडतोय, पण पाण्याबरोबर ते आधी पानांकडेच जातं. ॲब्सिसिक ॲसिड या संप्रेरकाच्या फवारणीने पानांतून पाणी उडणं कमी होतं आणि कॅल्शियम फळाकडे वळतं, असं प्रयोगांत दिसलंय. द्राक्षवाले हे ॲसिड रंगासाठी वापरतात. टोमॅटोवर कोणाचा अनुभव आहे का? वरचे चार घोस अजून हातात आहेत, ते वाचवायचेत. कृपया स्वतः वापरलेलं प्रमाणच सांगा.