गरम झालेली गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही: दोष नेमका कसा शोधावा?

सातारकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची पेट्रोलवरची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) हॅचबॅक असून ती आजवर ९६ हजार किलोमीटर चालली आहे. आईला उपचारांसाठी दर पंधरवड्याला पुण्याला न्यावे लागते. गेल्या तीन फेऱ्यांत परतताना खंबाटकीचा घाट चढून आल्यावर सुरूर फाट्याजवळ आम्ही चहासाठी थांबलो आणि तिन्ही वेळा गाडी पुन्हा चालू झाली नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पाऊण तास गेला की तीच गाडी काहीच न घडल्यासारखी पहिल्या सेल्फला चालू होते. पेट्रोल भरताना दोन मिनिटे बंद केली तर मात्र लगेच चालू होते. अडचण दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावरच येते. चालताना गाडी बंद पडत नाही, तापमानाचा काटा मध्यावरच असतो, इंजिनचा दिवाही पेटत नाही. गॅरेजमध्ये बॅटरी, प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले, तरी दोष तसाच आहे. गाडी गॅरेजला पोहोचेपर्यंत थंड झालेली असते, त्यामुळे तिथे सगळे ठीकच दिसते. आई गाडीत असताना असे रस्त्यावर अडकणे आता सोसवत नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

वायरिंगवाला, कोल्हापूर

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत. दोन मिनिटांनी चालू होते, पण दहा मिनिटांनी होत नाही, हे त्यातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. इंजिन बंद केले की पाण्याचा पंप थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो आणि ब्लॉकमधली उष्णता बॉनेटखाली कोंडते. त्यामुळे इंजिनला चिकटून बसवलेले भाग गाडी चालत असतानापेक्षा बंद केल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत अधिक तापतात. दोष फक्त त्या अवधीत जिवंत असतो आणि म्हणून तपासणीही त्याच अवधीत व्हायला हवी.

सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, तिच्या केबली आणि स्टार्टर यांचा विचार सोडून द्यावा. राहिले दोन: प्लगला करंट आणि इंजिनाला पेट्रोल. किल्ली ‘ऑन’वर नेल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घुर्र असा पेट्रोलच्या पंपाचा आवाज येतो का, हे ऐका. त्यानंतर कॉइलला स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारताना ठिणगी पडते का, ते कोणाला तरी पाहायला सांगा. पंप किल्लीला आवाज देतो, पण सेल्फ मारताना करंटही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत, असे आढळले तर दोन वेगळे भाग एकाच क्षणी बिघडले असे मानण्यापेक्षा दोघांना हुकूम देणाऱ्याकडे पाहावे. तो क्रँक सेन्सर होय. इंजिन फिरत असल्याचे त्याने कळवले नाही, तर ईसीएम (इंजिनचा संगणक) ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. त्याच्या आतली बारीक तारेची गुंडाळी तापून प्रसरण पावली की तुटक जागी संपर्क सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो.

ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या दोष-तपासणीच्या, सॉकेटला स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. चांगल्या सेन्सरला दोनशेच्या आसपास आकडा दिसतो. इंजिन फिरत असूनही शून्यच दिसला, तर संशय जवळजवळ पक्का समजावा. दिवा पेटला नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असे मात्र मानू नये.

घाटवाट

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आणखी एक शक्यता वगळून मगच सेन्सर विकत घ्यावा. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर चुकीचा बोलू लागला, तर गरम इंजिन थंड आहे असे समजून ईसीएम जास्त पेट्रोल सोडतो आणि इंजिन ओव्हरफ्लो होते. इंजेक्टर गळत असला तरी हेच घडते. अशा वेळी सायलेन्सरला पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग ओले निघतात. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सात-आठ सेकंद सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांमध्ये त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात, इंजिन आतून कोरडे होते आणि धडपडत का होईना, पकडते. पकडले, तर क्रँक सेन्सरला हात लावू नका.

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळी घाटात इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकत असत, कारण कार्बोरेटरच्या गाडीत वाटेतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. आजच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली असते, त्यामुळे त्या कारणाकडे शेवटी वळावे. तापलेला क्रँक सेन्सर थंड करून पाहायला ओले फडके मात्र अजूनही कामाचे आहे. पण बाटलीने थेट पाणी ओतू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर थंड पाणी पडले तर तो तडकू शकतो.

सातारकर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी मुद्दाम आईला घरी ठेवून, ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन घाट चढलो आणि बारा मिनिटे थांबलो. गाडी चालू झाली नाही. पंपाचा आवाज आला, प्लग कोरडे होते, ॲक्सिलरेटर दाबूनही फरक पडला नाही, आणि सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला. गिअरबॉक्सच्या सांध्याजवळच्या क्रँक सेन्सरवर ओले फडके चार मिनिटे धरले, तेव्हा दुसऱ्या सेल्फला आकडा उमटला आणि इंजिन सुरू झाले. घरी आल्यावर सेन्सर काढून मीटर लावला. तो दोन तारांचा असल्याने ओहममध्ये मोजता आला. थंड असताना ८६० ओहम आले आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरल्यावर मीटर काहीच दाखवेना.

वायरिंगवाला, कोल्हापूर

वाफेवर धरून मोजलेत, हे फार चांगले केलेत. नवा सेन्सर बसवण्यापूर्वी तोही तसाच मोजून घ्या. कनेक्टरच्या पिना हिरवट झाल्या असतील तर स्वच्छ करा, आणि त्याची वायर एक्झॉस्टला टेकत असेल तर उष्णतारोधक स्लीव्ह घालून ती दूर बांधा. तीन तारांचा सेन्सर असलेल्या वाचकांनी मात्र ओहमचे माप घेऊ नये. त्यात बहुधा इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि ती सिग्नलवरूनच तपासावी लागते.

सातारकर

नवा सेन्सर थंड आणि गरम दोन्ही स्थितींत मोजून बसवला, वायरही दूर बांधली. काल पुण्याहून येताना सुरूरला वीस मिनिटे थांबलो आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आई बरोबर होती.