मदत हवी आहे: ‘इग्ला-१एम’च्या फलकावर नेमका कोणता क्रमांक घालायचा?

फोंड्यात शाळांसाठी हवाई संरक्षणावरचं फलक-प्रदर्शन करतोय. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या (मॅनपॅड्स) फलकावर अडलोय. एकाच शस्त्राला तीन-तीन नावं, तिथेच मुलं गोंधळतात.

जुळवलेलं असं: स्ट्रेला-२ म्हणजे रशियन ९के३२, अमेरिकी संरक्षण खात्याचं एसए-७, इग्ला-१ म्हणजे ९के३१०, एसए-१६, इग्ला म्हणजे ९के३८, एसए-१८, इग्ला-एस म्हणजे ९के३३८, एसए-२४. ‘९के’ ही संपूर्ण यंत्रणा, ‘९एम’ हे त्यातलं नुसतं क्षेपणास्त्र. म्हणून ९के३८ मध्ये ९एम३९ असतं. दोन्ही एकाच रकान्यात घातली की तक्ता चुकलाच.

आपल्या लष्कराच्या बाबतीत मात्र सगळीकडे ‘इग्ला-१एम’ छापलेलं दिसतं. ‘१’मुळे ९के३१० वाटतं, पण काही तक्त्यांत समोर एसए-१८ आहे. फोटोवरून ताडून पाहिलं: इग्लाच्या टोकाला बारीक सुई असते, इग्ला-१ च्या टोकाला तीन काड्यांवरचा छोटा शंकू. पण संचलनातल्या फोटोंत नळीचं तोंड टोपणानं बंद, त्यामुळे टोक दिसतच नाही.

पल्ला, किंमत नको. गोपनीय तर काहीच नको. हवाई संरक्षण दलातल्या निवृत्तांनी किंवा जाणकारांनी एवढंच सांगावं: भारताची इग्ला-१एम ९के३१० की ९के३८, आणि छापील आधार कोणता द्यावा?