मदत हवी आहे : अर्पण, त्याग आणि गरीब कुटुंबं

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी मिरजेचा. आमच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या भक्तीला तरुण संघासमोर त्यागावर बोलायचं आहे आणि एका जागी अडलोय.

सुरुवात बायबलमधल्या २ शमुवेल २४ ने करणार आहे. दावीद राजाला देवासाठी वेदी बांधायला जागा हवी असते. अरवना यबूसी खळं आणि बैल फुकट द्यायला तयार असतो, पण दावीद 50 शेकेल (जुनं वजन) चांदी मोजूनच घेतो. ज्याला स्वतःचं काही लागलं नाही ते देवाला वाहायचं नाही, हे मुलांना लगेच पटेल. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या त्यागाने विकत घेता येत नाही, हेही सांगेन.

अडचण मार्क १२ मधल्या विधवेची. तिने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकल्या, म्हणजे होतं ते सगळं. पण त्याच्या जरा आधीच प्रभू येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना (धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना) दोष देतो. समोर बसणाऱ्या काही मुलांच्या घरी ऊसतोडीची उचल अजून फिटलेली नाही. त्यांना ‘तिच्यासारखं द्या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तिचा विश्वास कमी लेखायचीही इच्छा नाही.

शिवाय रात्रपाळी करून थेट भक्तीला येणाऱ्या नर्सताई आहेत. रोमकरांस १२:१ मधला ‘जिवंत यज्ञ’ मला त्यांच्यात जास्त दिसतो, अर्पणाच्या पाकिटात नाही.

पाळक, संडेस्कूल शिक्षक, कुणी हा भाग गरीब वस्तीत शिकवलाय का? विधवेची गोष्ट कशी मांडलीत? रोख रकमेऐवजी वेळ, सेवा अर्पण करायची काही पद्धत तुमच्या मंडळीत आहे का? सविस्तर लिहा, कृपया.