अवतरण दुसऱ्याचे, जबाबदारी कोणाची?

धरमपेठकर (धागाकर्ता):
१२ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठात, जिथे ते पूर्वी स्वतः प्राध्यापक होते, श्रद्धा आणि विवेक या विषयावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचा सम्राट मॅन्युएल दुसरा याचे एक वचन वाचून दाखवले. पैगंबरांनी जे नवे आणले ते केवळ दुष्ट आणि अमानुष आहे, तलवारीने धर्म पसरवण्याची आज्ञा हा त्याचा पुरावा, असा त्याचा आशय होता. काही दिवसांतच पाकिस्तानच्या संसदेने निषेधाचा ठराव संमत केला आणि अनेक देशांत निदर्शने झाली.

माझे मत असे की, अवतरण निवडणाऱ्याला त्याची जबाबदारी टाळता येत नाही. भाषणात पोप यांनी सम्राटाच्या भाषेला केवळ धक्कादायक रोखठोकपणा म्हटले होते. हा रोखठोकपणा आम्हांला अमान्य आहे, हे शब्द नंतर प्रसिद्ध झालेल्या अधिकृत पाठात जोडले गेले. जे नंतर लिहावेसे वाटले ते व्यासपीठावरच म्हणायला हवे होते, कारण पोपपदावरील माणसाचे वाक्य केवळ प्राध्यापकाचे वाक्य म्हणून ऐकले जात नाही.

महालवासी:
मला हे मान्य नाही. पूर्ण व्याख्यान वाचले तर लक्षात येते की, विवेकाला सोडून वागणे हे ईश्वराच्या स्वभावाविरुद्ध आहे, हा त्याचा गाभा आहे आणि टीकेचा मोठा भाग तर विवेकाला प्रयोगशाळेपुरता आखडणाऱ्या आधुनिक पाश्चात्त्य विचारावर आहे. या भाषणानंतर पॅलेस्टाईनमधील नाब्लुस येथे ज्या चर्चवर पेट्रोलबॉम्ब टाकले गेले त्यांत अँग्लिकन आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चही होती, म्हणजे पोप यांना न मानणारी. ज्यांना एवढाही फरक माहीत नव्हता त्यांनी व्याख्यान वाचले होते, असे कोण म्हणेल?

आपल्या नागपूर शहराने १७ मार्च २०२५ रोजी काय पाहिले ते आठवावे. पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि शहानिशा होण्याआधीच महाल व हंसापुरी भागांत दगडफेक आणि जाळपोळ झाली. गर्दीच्या रागाचे खापर वक्त्याच्या माथी फोडत गेलो, तर कोणी काय बोलावे हे शेवटी दगड हाती घेणारेच ठरवतील.

मोमिनपुऱ्यातून:
दुखावणे आणि दगड उचलणे यांत अंतर आहे, आणि महालवासी ते पुसून टाकत आहेत. ते वाक्य वाचून मन खिन्न झालेले, पण कोठेही न गेलेले असंख्य मुसलमान कोणत्याच बातमीत आले नाहीत. नमाज पढून दुकान उघडणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोण छापणार?

आमच्यातील विद्वानांनी उत्तर दिले, तेही लेखी. ऑक्टोबर २००६ मध्ये ३८ जणांनी पोप यांना खुले पत्र लिहिले. धर्मात बळजबरी नाही, ही कुराणातील आयत (२:२५६) पैगंबर दुर्बळ असतानाच्या सुरुवातीच्या काळातील असल्याचे पोप यांनी म्हटले होते. ती उलट मुस्लिम समाजाच्या हाती सत्ता येत असतानाच्या काळातील आहे, हे पत्रात सभ्य शब्दांत दाखवून दिले होते. वर्षभराने १३८ विद्वानांनी ईश्वरावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेम या समान भूमीवर संवादाचे आवाहन केले. या धाग्यावर नाब्लुस आले, महाल आले, ही दोन पत्रे मात्र अजून कोणाला आठवली नव्हती.

सदरकर:
मी कॅथलिक आहे. १७ सप्टेंबरला सोमालियातील मोगादिशू येथे सिस्टर लिओनेला स्गोर्बाती यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या तेथे परिचारिका घडवत होत्या. त्या हत्येचा भाषणाशी संबंध असल्याची शंका तेव्हाच व्यक्त झाली; पुरावा माझ्यापाशी नाही. त्याच दिवशी पोप यांनी खेद व्यक्त केला, तो मात्र उमटलेल्या प्रतिक्रियांबद्दल. नोव्हेंबरात ते इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत मुफ्तींच्या शेजारी मौन प्रार्थनेत उभे राहिले. माझ्या मते त्या कृतीने खेदाच्या निवेदनाहून अधिक काम केले.

धरमपेठकर:
महालवासी, संदर्भ पाहायचा तर पूर्ण पाहू. १३९१ च्या सुमारास मॅन्युएल हा ऑटोमन तुर्कांचा सुलतान बायेझिद याचा मांडलिक म्हणून त्याच्याच मोहिमेत ओढला गेला होता. ज्याच्यापुढे मान तुकवावी लागत होती, त्याच्या धर्माविषयीचा कडवटपणा त्या वचनात असणारच. ही पार्श्वभूमी श्रोत्यांपुढे ठेवली असती, तर वचनाचा आवाज पराभूत राजाचा आहे हे कळले असते. दगडफेक करणाऱ्याचा गुन्हा त्याचाच आहे, त्याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मी विचारतो आहे ते वक्त्याच्या कर्तव्याविषयी.

महालवासी:
तेवढे कर्तव्य मान्य. परंतु पत्र लिहिणाऱ्या ३८ जणांनी वक्त्याला गप्प बसवण्याची मागणी केली नाही. त्यांनी वाचले आणि खोडून काढले. माझा आग्रह तेवढाच आहे, आणि तो रेगेन्सबुर्गइतकाच आपल्या गल्लीलाही लागू आहे.